चाचांनी टोकणं सोडलं

माझा राग जुना आहे आणि मी तो नीट सांभाळून ठेवलाय. लोक म्हणतात, सोडून द्या, चाचा मोठा माणूस आहे, त्यांनी तुम्हाला हुनर दिला. दिला, नाही कुठं म्हणतो मी. पण सगळे सोयरे दारात उभे असताना त्यांनी माझं जे केलं, ते मी विसरलेलो नाही. का केलं हेही मला आता ठाऊक आहे. कारण कळलं की राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांना राग कधी आलेलाच नसावा.

माझा धंदा पाडकामाच्या लाकडाचा. बीडमध्ये आणि आसपास जुनं घर, शाळेचं छप्पर, बंद पडलेली गिरणी पाडायला निघाली की मी तिथं पोचलेला असतो. तुळया, दारं, खिडक्या उचलायच्या, गोदामात आणून खिळे काढायचे, धुऊन-पुसून विकायच्या. शिक्षण आठवी. बापाकडून जमीन आली नाही, दुकान आलं नाही, तोंड तेवढं आलं. त्या तोंडावर गोदाम उभं केलं. माझी पद्धत सोपी होती. तुळई पाहिली की आधी चेहरा पाडायचा. मग एका टोकाशी उकिडवं बसून नखानं जरा उकरायचं आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचं, "वाळवी दिसतीया." वाळवी नसायचीच. पण मालकाच्या मनात ती तेवढ्यात शिरायची आणि तिथून पुढं सौदा माझा.

एकदा अशाच एका घरी दाराची चौकट बघत होतो. मालकानं शेजारच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत बसवून घेतलं होतं. दाढी पांढरी, कानाला पेन्सिल, काही बोलत नव्हता. मी चौकटीच्या सांध्यांवर बोट फिरवलं. तिथं पटाशीनं मारल्यासारखे बारीक कापे होते. एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मी तोंड वाकडं केलं. "मार लागलाय ओ हिला. चिरा पडल्यात ठिकठिकाणी."

म्हातारा हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. "चिरा न्हाईत त्या, शेठ. जोडाच्या खुणा हाईत. एक कापा असल्याला कुसू, म्हंजी लाकडाचं पुढं काढल्यालं टोक, एक कापा असल्या भोकात बसतो, दोनचा दोनमध्ये. बसवताना अदलाबदल व्हायला नको म्हणून मिस्त्री मारून ठेवतो." मग मालकाकडं वळून म्हणाला, "ह्याला लाकडाचा भाव कळतो. लाकूड कळत न्हाई."

मालक हसला. मालकाची सून आत चहा गाळत होती, तीही हसली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं मागितला तो भाव देऊन मी निघालो. टेम्पोत चौकट माझ्या पाठीमागं होती आणि मला वाटत होतं तीही हसतेय.

ते वाक्य मी वर्षभर चघळलं. दर वेळी तुळईशी उकिडवं बसलो की ते आठवायचं आणि 'वाळवी' म्हणताना जीभ अडायची. धंद्याला हे परवडणारं नव्हतं. शेवटी ठरवलं, जो बोलला त्याच्याकडूनच वसूल करायचं. सुतारकामच शिकायचं, तेही त्याच माणसाकडून. आणि एक दिवस असा आणायचा की ह्याच तोंडानं मला 'शेठ' न म्हणता 'मिस्त्री' म्हणावं लागेल. तेव्हा माझं वय पंचेचाळिशीला आलं होतं.

त्याचं दुकान बिंदुसरेच्या पुलापलीकडच्या एका गल्लीत. सात-आठ दुकानं, अर्धी मुसलमान मिस्त्र्यांची, अर्धी सुतारांची. लाकूड चिरायचं मोठं यंत्र सगळ्यांत मिळून एक. जड चौकट उचलायची झाली की ज्याच्या दुकानात असेल त्यानं नुसतं "चला रे" म्हणायचं, बाकीचे हात झटकत यायचे. म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. समोरचं दुकान आप्पांचं. आप्पा माझ्याच वयाचे, पिढीजात सुतार, हात सफाईचा आणि जीभ त्याहून.

मी चाचांना सरळ म्हणालो, "सहा महिन्यांत शिकवा."

"भाव करतोयस?"

"समजा."

"मग तीन वर्सं."

"चाचा, भाव उतरवायचा असतो, चढवायचा न्हाई."

"आनखी बोल, मी पाच म्हणतो."

आप्पा समोरून ओरडले, "घ्या शेठ, तीनवर तोडून घ्या! फायद्यात हाव!"

तीनवर तुटलं. सकाळचे चार तास गल्लीत, मग गोदाम. पहिले कित्येक महिने मला लाकडाला हात लावू दिला नाही. फक्त धार. पटाशी सहाणेवर घासायची, नखावर टेकवून बघायची, घसरली तर पुन्हा घासायची. मग रंधा. मी फळीवर रंधा मारायला घेतला की चाचांचा आवाज आलाच म्हणून समजा.

"शेठ, रंधा मारतोस का भांडतोस?"

"जोर लागतो ना चाचा."

"जोर कावून लागतो? उलट्या अंगानं मारतोयस. मांजराला उलटं कुरवाळतोस का कधी? मग फळीला कावून?"

याला गल्लीत टोकणं म्हणतात. चाचा दिवसभर टोकायचे. उभं राहायची पद्धत चुकली, टोकलं. पेन्सिलची रेघ जाड आली, टोकलं. गुण्या जमिनीवर ठेवला तर हातातलं काम टाकून उठले आणि तो उचलून माझ्या छातीवर ठेवला. काटकोन तपासायचं हत्यार आहे, पायाखाली जाऊन सूतभर जरी वाकलं तरी पुढची सगळी घरं वाकडी होतील म्हणाले. मी गोदामातला मालक माणूस, माझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं. घरी आलो की भांडी आपटायचो. पण दुसऱ्या दिवशी जायचो. दोन वर्षांत माझे सांधे बसायला लागले. कुसू भोकात आधी हातानं अर्धा जावा आणि पुढं ठोकळ्याच्या दोन ठोक्यांत बसावा, ना सैल ना घट्ट, एवढं जमायला लागलं.

आणखी एक गोष्ट चाचांनी डोक्यात ठोकून ठोकून बसवली, ती म्हणजे बुडखा आणि शेंडा. झाडाची मुळाकडची बाजू बुडखा, वरची शेंडा. चौकटीचे उभे खांब झाड जसं उभं होतं तसेच उभे राहिले पाहिजेत, बुडखा खाली. उलटं लाकूड उभं केलं तर त्या घरात राहणाऱ्याला सुख नाही असं आप्पा म्हणत. चाचा असलं काही म्हणत नसत. ते म्हणत, "झाड इतकी वर्सं उभं राहायला शिकलंय. त्याला मरंपर्यंत उलटं टांगून ठेवायचा तुला काय हक?"

मी वाद घातला होता. "लाकूड मेलेलं असतंय चाचा. त्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळत. बघणाऱ्याला कळतं."

ओळखायचं कसं तेही दाखवलं. फांदीची गाठ शेंड्याकडं तोंड करून असते. फळीवर डोंगरासारख्या चढत जाणाऱ्या रेषांची टोकं शेंड्याकडं बोट दाखवतात. काहीच दिसेना तर लाकडाच्या मधोमध दोरी बांधून उचला, जड बुडखा खाली झुकतो. एकदा कळलं की बुडख्याच्या टोकाला गेरूचा ठिपका लावून ठेवायचा. गल्लीत सगळ्यांचा तोच रिवाज. गेरू दिसला की बुडखा, पुन्हा तपासायची गरज नाही.

मग एका पावसाळ्यात एक दिवस चाचांनी टोकणं सोडलं.

हळूहळू नव्हे, एकदम. मी खिडकीच्या झडपा करत होतो. चाचा आले, उभे राहिले, पाहिलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. मी मुद्दाम गुण्या खाली ठेवला. त्यांनी पाहिला आणि आपल्या कामाला लागले. दोन वर्षं ज्या आवाजाचा वैताग आला होता, तो बंद झाल्यावर मला झोप लागेना. मी कारणं शोधायला लागलो. त्यांच्या ओळखीच्या एका गिऱ्हाइकाला मी दारं जरा चढ्या भावानं विकली होती, ते कानावर गेलं असेल. किंवा ह्याला सांधे जमायला लागले म्हणून म्हातारा जळत असेल. किंवा सरळ कंटाळला असेल माझा. मी विचारलं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही तो प्रश्न सौद्यात विचारायचा नसतो, हा माझा वीस वर्षांचा नियम.

बायकोला सांगितलं, "म्हातारा माझ्याशी बोलंना झालाय."

"बोलतोय की. परवा चहा पाजला म्हणालात."

"कामाचं बोलंना. जळतोय माझ्यावर."

"बरं झालं की मग," ती म्हणाली, "कटकट गेली."

कटकट गेली नव्हती. ती माझ्या आत शिरली होती.

पुढच्या वर्षी गोदामामागच्या जागेवर आमचं घर वर यायला लागलं. बायकोचं म्हणणं, चौकटी ग्रॅनाइटच्या बसवा, आता सगळे तेच बसवतात, वाळवी लागत नाही. वाळवीचं नाव तिनं माझ्यासमोर घ्यावं! मी म्हणालो, बाकीच्या बसव कशाच्याही, मुख्य दाराची चौकट सागाची आणि माझ्या हातची.

आमच्याकडं मुख्य चौकट उभी करायच्या दिवशी पूजा होते, सोयरे येतात आणि चौकट करणाऱ्या मिस्त्रीला टॉवेल-टोपी, नारळ देऊन मान करतात. मी लहानपणापासून पाहत आलेलो. मालक स्वतः टॉवेल मिस्त्रीच्या खांद्यावर टाकतो. मी बायकोला सांगून ठेवलं, त्या दिवशी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकायचा.

"आपल्याच घरात आपणच आपल्याला टावेल?"

"मी मालक म्हणून न्हाई घेणार. मिस्त्री म्हणून घेणार. तू द्यायचा."

"आणि मला कोण देणार?" ती म्हणाली, "वीस वर्सं तुमचं ऐकून घेतलं त्याचा?"

हसली, पण टॉवेल आणला. पांढरा, लाल काठाचा. मला त्या टॉवेलपेक्षा गल्लीतली माणसं समोर हवी होती. चाचा समोर हवे होते. त्यांच्यासमोर तो खांद्यावर पडला की 'शेठ' संपला.

लाकूड माझंच. धारूरकडच्या एका बंद जिनिंगच्या छपराची सागाची तुळई, खूप वर्षांपूर्वी उचललेली. टेम्पोत मावेना म्हणून तेव्हा तिथंच कापून तुकडे करून आणली होती. असला साग आता मिळत नाही म्हणून मी ती विकली नव्हती. त्यातले दोन तुकडे उभ्या खांबांना काढले. टोकांना गेरू लागलेलाच होता. रंधा मारला तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला आणि अख्ख्या गल्लीला वास आला. सांधे मी असे बसवले की पाचर मारायच्या आधीच चौकट आपली आपण उभी राहिली. तेल पाजून ती चाचांच्या दुकानाच्या भिंतीला आठ दिवस टेकवून ठेवली, तेल मुरावं म्हणून. आठ दिवस गल्ली तिच्यासमोरून जात-येत होती. आप्पा थांबून बघायचे. चाचांनी एकदा वरच्या सांध्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जोड अच्छा बैठा."

मी तेवढ्यावर दोन दिवस तरंगत होतो.

पूजेच्या दिवशी सगळे आले. सोयरे, गल्लीतले सगळे मिस्त्री, गवंडी. दारात मांडव, बाजूला जेवणाची मोठी पातेली. चौकटीला हळद-कुंकू लागलं, वरच्या आडव्या लाकडाला आंब्याचा डहाळा बांधला. गवंड्यानं खड्डे तयार ठेवले होते. चार जण उचलायला वाकले. बायको ताट घेऊन उभी, ताटात टॉवेल, टोपी, नारळ. आणि मला तिथं काय सुचलं देव जाणे. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "चाचा, आता बोला. कशी झाली चौकट?"

वीस वर्षांचा नियम मी त्या एका क्षणात मोडला. मला वाटलं उत्तर ठाऊक आहे.

चाचा खुर्चीतून उठले. चौकटीपाशी आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "विचारतोयस?"

"विचारतोय की!"

"डावा खांब उलटा हाय."

चौघं वाकलेले तसेच थांबले. कुणीतरी मागून "काय?" म्हणालं.

चाचांनी बोट ठेवलं. "उजव्याच्या रेषा बघ, वर चढत्यात. डाव्याच्या बघ, खाली उतरत्यात. ही गाठ बघ. फांदी कुनीकडं बघतीया? जमिनीकडं."

मी पाहिलं. माझ्याबरोबर सगळ्यांनी पाहिलं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. डाव्या बाजूचे सगळे डोंगर डोक्यावर उभे होते. तीन महिने मी त्या लाकडावर हात फिरवला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मग उलटा करून बसवू," गवंडी म्हणाला.

ते होत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. दाराची फळी टेकायला खांबाला आतल्या अंगानं खाच असते, तिला पताम म्हणतात. खांब खालचा वर केला की ती खाच बाहेरच्या अंगाला जाते. तो खांब बादच. मी तरी चाचांच्या जवळ गेलो आणि हळू आवाजात सौदा केला. खोटं कशाला सांगू, केला. "चाचा, बसवू द्या. कुणाला कळतंय?"

"आता सगळ्यांला कळतंय," चाचा म्हणाले. "तूच विचारलंस."

चौकट उचलली नाही. माझा मेव्हणा म्हणाला, दाजी, तुम्हाला सांगत होतो ग्रॅनाइट बसवा. लोक जेवले. चांगले जेवले. माझ्या घराच्या भिंतीत दाराएवढं भोक तसंच राहिलं आणि सगळे त्यातूनच जाताना मला राम राम करून गेले. बायकोनं ताट आत नेऊन ठेवलं. ती एक शब्द बोलली नाही, हे तिचे उपकार.

मी गोदामात गेलो. उन्हं कलती होती. जिनिंगच्या तुळईचा उरलेला एक तुकडा पडला होता, टोकाला गेरूचा ठिपका. मधोमध दोरी बांधली, कप्पीवरून ओढला. ठिपक्याचं टोक वर गेलं. दुसरी एक तुळई घेतली, तिच्या ठिपक्याचं टोक खाली आलं. तिसरी, ठिपका वर. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथल्या तिथं त्या तुळईला लाथ मारली. पाय अजून पावसाळ्यात दुखतो.

ते ठिपके माझे होते. गल्लीत पाऊल ठेवायच्या कितीतरी वर्षं आधीचे. गोदामात माल रचताना तुळईचं जे टोक साफ, बिनचिरेचं दिसेल त्याला मी गेरू लावायचो आणि ते रस्त्याकडं ठेवायचो, गिऱ्हाइकाची नजर पहिली तिथं पडावी म्हणून. कधी ते बुडख्याचं असायचं, कधी शेंड्याचं. मला काय कळत होतं तेव्हा? गल्लीत तीन वर्षं घालवल्यावर माझी नजर बदलली होती, पण ठिपके तेच होते. व्यापाऱ्यानं लावलेली खूण मिस्त्रीनं वाचली आणि दोन्ही मीच.

एवढं कळलं तरी माझा राग स्वतःवर वळला नाही. अर्धा वळला असेल. बाकीचा घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गेलो आणि चाचांच्या दुकानासमोर उभा राहून ओरडलो.

"आठ दिवस! आठ दिवस तुमच्या भिंतीला टेकून हुती चौकट! पहिल्या दिवशीच दिसलं असंल तुमाला!"

"दिसलं," चाचा म्हणाले. पटाशी घासत होते, घासतच राहिले.

"मग बोलला कावून न्हाई?"

"तू विचारलं न्हाईस."

"विचारायला कशाला पायजे? दोन वर्सं न विचारता टोकलं ना मला? उभं राहायला टोकलं, पेन्सिलीला टोकलं! आणि खांब उलटा तर गप?"

समोरून आप्पा आले, पाठोपाठ बाकीचे. आप्पांनी मला सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, "शेठ, टोकत्यात ते शागीर्दाला. मिस्त्रीच्या कामात न विचारता बोट घालत नसत्यात. ह्या गल्लीत कुनी घालत न्हाई. त्याची इज्जत असती."

"मी कवा मिस्त्री झालो?"

चाचांनी पटाशी पुसली. "मागं पावसाळ्यात खिडकीच्या झडपा केल्यास. त्याच्यानंतर टोकलं का तुला?"

मी तिथं उभा होतो आणि माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. वर्षभर मी ज्याला जळणं समजत होतो, कंटाळा समजत होतो, ज्याच्यापायी झोप घालवली, ते हे होतं. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं बोटं कापून घेतली ती मला केव्हाच मिळाली होती आणि या माणसांनी मला सांगितलंच नव्हतं.

"मग सांगायचं ना!" मी म्हणालो. "शेठ, शेठ काय म्हणत राहिला मग?"

"शेठ हायसच की तू," चाचा म्हणाले. "गोदाम इकलंस का?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, ही कसली इज्जत? माणूस चार लोकांसमोर तोंडावर पडताना दिसतोय आणि तुम्ही गप, कारण त्याची इज्जत राखायचीय. घर माझं होतं. दार माझ्या बायकोचं होतं. इज्जतीपेक्षा मला तो खांब सुलटा हवा होता.

चाचा एवढंच म्हणाले, "मग विचारायला शिक."

नवा खांब मी केला. गेरूवर विश्वास न ठेवता, दोरी बांधून, उचलून, गाठ बघून. पताम मारायच्या आधी चाचांना विचारलं. कुसू कापायच्या आधी विचारलं. रंध्याचं शेवटचं पान निघालं तेव्हाही विचारलं. इतकं विचारलं की म्हातारा वैतागला. "आता बस कर बे, डोकं खाल्लंस." मला बरं वाटलं. त्यांना थोडा वैताग येऊ दे की.

दुसऱ्या वेळेला कुणाला बोलावलं नाही. गवंडी, चाचा, आप्पा आणि आम्ही दोघं. चौकट उभी राहिली, ओळंबा सोडला, दोरी लाकडाला चिकटून सरळ खाली गेली. बायकोनं ताट आणलं. तोच टॉवेल, घडीवर थोडी धूळ बसली होती, तिनं झटकली. मी म्हणालो, चाचांना दे. चाचा मागं सरकले. "काम माझं न्हाई." मग तिनं तो माझ्या खांद्यावर टाकला आणि टोपी घालताना कान जरा पिळला. आप्पांनी पाहिलं आणि तोंड फिरवून हसले. टॉवेल मी ठेवलाय. वापरत नाही. चाचा जाताना म्हणाले, "चलतो, शेठ."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी गल्लीतून चाललो होतो. आप्पांच्या दुकानाबाहेर एक दुपाखी दार उभं होतं, ऑर्डरचं, नक्षी कोरलेलं, देखणं. त्याची एक उभी पट्टी उलटी होती. आप्पांच्या हातून! घाईत झालं असेल, लाकूड दुसऱ्याकडून चिरून आणलं असेल, काय माहीत. मी पुढं गेलो. गल्लीचा रिवाज मला आता ठाऊक होता. आप्पांनी विचारलं नव्हतं. चाचांच्या दुकानाशी पोचलो तर चाचाही त्या दाराकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर तेच होतं, आठ दिवसांचं गप्प राहणं.

माझं डोकं फिरलं. मी मागं वळलो.

"आप्पा! ती डावी पट्टी उलटी बसवलीया!"

आप्पा आतून बाहेर आले. गल्लीत सगळी हत्यारं थांबली. आप्पांचा चेहरा लाल झाला. "इचारलं का मी तुमाला?"

"न्हाई इचारलं. तरी सांगतोय."

"शागीर्द समजता का मला? तीन वर्सं झाली न्हाईत करवत धरून आणि मला टोकायला लागले!"

"काय समजायचं ते समजा. पट्टी उलटी हाय. गिऱ्हाइकाच्या सोयऱ्यांसमोर कळंल त्यापेक्षा आत्ता माझ्याकडून कळू द्या."

आप्पांनी मला नको ते ऐकवलं. माझ्या धंद्यापासून माझ्या बापापर्यंत. मीही कमी ऐकवलं नाही. चाचा दुकानातून बाहेर आले नाहीत. आप्पा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, चहाची किटली आली तरी माझ्या कपाकडं बघायचे नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. आठ दिवस गोड बोलून खड्ड्यात जाऊ देण्यापेक्षा महिनाभराचं भांडण बरं. याबाबतीत गल्ली चुकीची आहे आणि मी बरोबर, हे मी कुणाहीसमोर भांडून सांगायला तयार आहे.

ते दार नंतर कपिलधारच्या रस्त्यावरच्या एका घराला बसलं. मला तिकडं काही काम नव्हतं. तरी एक दिवस गाडी वळवली, त्या घरासमोर थांबलो आणि रस्त्यावरूनच बघितलं. डाव्या पट्टीच्या रेषा वर चढत होत्या.